सलूनवाले ता. क. मध्ये सापडले

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी ७३ वर्षांचा निवृत्त शिक्षक, खानापूर तालुक्यात राहतो. १९६७ साली हायस्कुलात असताना बुद्धिबळाचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. बेळगावातले कट्टे, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, निपाणी, मिरज, सांगली असा पुष्कळ फिरलो. माणसं खूप भेटली. नातवंडं मागं लागलीत, आजोबा, त्यांच्याबद्दल लिहा की. ४० नावांची यादी केली, नऊ जणांवर लिहिलंही. पण वाचून बघितलं तर सगळे एकाच साच्यातले: 'अत्यंत सज्जन, दिलदार, खेळात वाघ.' पेपरातल्या श्रद्धांजलीसारखं झालंय. डावांच्या ११ वह्या आहेत, पण पहिल्या काही वह्यांत चाली लिहायची पद्धत जुनी. नातवाच्या लॅपटॉपवर डाव पुढं सरकतच नाहीत. एका गृहस्थांशी पोस्टानं खेळायचो, त्यांची दीडेकशे कार्डं आहेत. त्यांना मी कधी पाहिलं नाही. शेवटचा डाव अर्धाच राहिला. आणि एकानं मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात पटावरची चाल बदलली होती, पंचांनीही त्याचंच खरं मानलं. ते लिहायचं का?

ता. क. सलूनवाले माझे पहिले गुरू. मारलेली मोहरी ते आरशापुढच्या फळीवर ओळीनं मांडायचे, पण माझं प्यादं मारलं की खिशात टाकायचे. का कोण जाणे.

उत्तर:

गुरुजी, नमस्कार.

लिहून झालेली नऊ माणसं तूर्त बाजूला ठेवा आणि स्वतःचं ता. क. पुन्हा वाचा. सबंध पत्रात एकच माणूस दिसतो, तो तिथं. फळीवर हत्ती, उंट, घोडे ओळीनं उभे आणि प्यादं खिशात. त्यांना 'दिलदार' म्हणायची गरजच उरली नाही. तुमचं बिघडलं ते एवढ्यातच: तुम्ही स्वभावापासून सुरुवात करता. स्वभावाला शब्द मोजकेच असतात, ४० माणसांना पुरत नाहीत. चाली मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि तुमच्याकडं तर त्या ११ वह्यांत लिहून ठेवलेल्या आहेत. म्हणून क्रम उलटा करा. आधी डाव सोडवा, मग माणसावर लिहा.

हे काही आमच्या डोक्यातलं खूळ नव्हे. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक खेळाडू होते. त्यांच्याविषयी माहिती जवळजवळ नाहीच. पण जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरानं त्यांच्याशी खेळलेले शेकडो डाव टिपून ठेवले. त्यामुळं आज कुणालाही बघता येतं की हा माणूस पटाच्या मध्यावर घाईनं प्यादी घालत नव्हता. उंट कडेला, लांब कर्णावर ठेवून वाट बघत बसायचा. काळ्याच्या अशा सुरुवातीला 'इंडियन डिफेन्स' हे नाव त्याच डावांवरून पडलं. महेशचंद्रांच्या सज्जनपणाबद्दल कुणी पानभर लिहिलं असतं, तर ते पान केव्हाच रद्दीत गेलं असतं.

आता वह्यांकडं वळू. जुन्या पद्धतीला वर्णनात्मक म्हणतात. तिच्यात पटाच्या उभ्या पट्ट्यांना त्या पट्टीवर सुरुवातीला उभ्या असलेल्या मोहऱ्याचं नाव असतं, इंग्रजी अक्षरांत: के राजा, क्यू वजीर, बी उंट, केटी घोडा, आर हत्ती; आणि पी म्हणजे प्यादं. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडं जाताना क्यूआर, क्यूकेटी, क्यूबी, क्यू, के, केबी, केकेटी, केआर; हल्लीच्या भाषेत अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो आडव्या ओळींत, कारण जुन्या पद्धतीत प्रत्येक जण आपल्या बाजूनं मोजतो. पांढऱ्याचा 'पी-के४' म्हणजे ई४. काळ्याचा 'पी-के४' म्हणजे ई५. नातवाला एकच सूत्र द्या: काळ्याची चाल असेल तर आकडा ९ मधून वजा कर. काळ्याचं 'पी-क्यूबी४' म्हणजे ९ वजा ४, सी५. काळ्याचं 'केटी-केबी३' म्हणजे एफ६. लॅपटॉपवर डाव अडतात ते बहुतेक याच वजाबाकीपायी.

दुसरा अडथळा घोड्याचा. जुन्या वह्यांत घोड्याला 'केटी' लिहीत आणि राजाला नुसतं 'के'. पेन्सिलीतला 'टी' पुसला की घोड्याचा राजा होतो. दुसऱ्या चालीला राजा केबी३ वर गेलेला दिसला तर तो घोडाच, ई१ वरून राजा तिथं एका चालीत पोचूच शकत नाही. नंतर घोड्याला 'एन' लिहू लागले ते याच गोंधळामुळं. तिसरा अडथळा 'पी×पी'. कुठल्या प्याद्यानं कुठलं प्यादं मारलं? दोन शक्यता असतील तर खेळणाऱ्यानं खुलासा करायचा असतो, पण घड्याळ वाजत असताना कोण करतो! दोन्ही शक्यता पटावर मांडून पुढच्या पाच-सहा चाली खेळून बघा. चुकीची वाट लवकरच बंद होते.

तरीही डाव अडला तर सुरुवातीपासून पुन्हापुन्हा ढकलत बसू नका. वहीत जिथं शह लिहिलाय आणि जिथं मारामारी झालीय ते मैलाचे दगड धरा. शह लिहिलाय पण पटावर शह बसतच नाही, म्हणजे चूक त्याच्या आधीच्या चार-पाच चालींत आहे. मारलेली मोहरी दोन्ही बाजूंनी मोजा. शेवटची स्थिती आठवत असेल तर मागं मागं या. नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात: पांढऱ्या-काळ्याची एखादी जोडचाल गाळलेली, काळ्याची चाल पांढऱ्याच्या रकान्यात सरकलेली, दोन घोड्यांपैकी कुठला ते न लिहिलेलं, १ आणि ७ सारखेच काढलेले. वेळ संपत आली की काही जण चाल न लिहिता नुसती खूण करून रेघ ओढतात. तिथं डाव परत मिळणार नाही, तो तेवढ्यावर सोडा. स्वच्छ लिहिलेला ४० चालींचा डाव अर्ध्या तासात चढतो. बिघडलेल्याला दोन संध्याकाळी द्या, तिसरी देऊ नका.

आणि या सगळ्या वेळात कंप्युटरचं इंजिन, म्हणजे कोण किती वरचढ ते आकड्यात दाखवणारा प्रोग्रॅम, बंद ठेवा. हे निक्षून सांगतो. एकदा ते आकडे शेजारी हलायला लागले की तुम्ही त्या माणसाऐवजी आकड्याकडं बघता. समोरचा कशाला भ्याला होता, कुठल्या घोड्यावर त्याचा जीव होता, हे आठवायच्या आत 'इथं तर मीच जिंकत होतो' एवढंच डोक्यात राहतं. सगळं लिहून झाल्यावर एकदाच लावा. ज्या बळीचं (मुद्दाम मारू दिलेल्या मोहऱ्याचं) तुम्ही ५० वर्षं कौतुक केलंत तो इंजिनानं खोडून काढला, तर दोन्ही लिहा: बळी दिला आणि तो चुकीचा होता. समोरच्याला ते पटावर सापडलं नाही, हीसुद्धा त्याची माहितीच.

डाव साठवायला पीजीएन नावाची साधी फाइल असते. तिच्या डोक्यावर सात गोष्टी लागतात: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. तारीख अर्धीच माहीत असेल तर अंदाजानं भरू नका, 'वर्ष.महिना.दिवस' या क्रमात माहीत नाही तिथं प्रश्नचिन्हं टाकायची सोय आहे, १९७४.??.?? असं. शेरे महिरपी कंसात, मराठीतच लिहा. फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडायला नातवाला सांगा, नाहीतर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि मूळ मजकूर परत येत नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर 'स्टडी', म्हणजे डावांची वही, करून ठेवली तर मुंबई-पुण्याचे नातेवाईकही डाव बघू शकतील, मात्र ती खासगी ठेवा आणि फक्त त्यांनाच आत बोलवा. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात. ६४च का, ते तुम्हाला सांगायला नको.

तारखा नसलेल्या वह्यांचं वय काढायच्या खुणा आपल्या भागात बऱ्याच आहेत. बेळगावकडच्या पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं, 'म्हैसूर राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते १ नोव्हेंबर १९७३ च्या दरम्यानचं, छापील कागदावर इंग्रजीत 'बेळगावी' असेल तर १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं. आपल्याकडं सगळं १ नोव्हेंबरलाच होतं! प्रवेश फीच्या पावतीवर 'नये पैसे' असतील तर ती १९५७ ते १९६४ मधली, म्हणजे तुमची नव्हे. कुणीतरी थोरल्यांनी दिलेली असणार, आणि कुणी दिली हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, पण लोक तो पुढं कित्येक वर्षं लिहीत नव्हते. पिन असेल तर कार्ड नक्की त्यानंतरचं, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. वर्णनात्मक पद्धत जागतिक संघटनेनं, फिडेनं, १९८१ पासून मानायची बंद केली, त्यामुळं कुठल्यातरी वहीत मधूनच पद्धत बदललेली दिसेल. वहीत 'ग्रँडमास्टर आनंद' असं आलं की ते १९८८ च्या आधीचं नाही. शिक्क्यांच्या तारखा मात्र सगळ्यात भरवशाच्या.

वह्यांचे फोटो दिवसा, खिडकीपाशी, थेट ऊन टाळून काढा. पेन्सिल फिकी असेल तर स्कॅनर ६०० डीपीआयवर ठेवा, एरवी ३०० पुरे. खानापूरकडचा पावसाळा तुम्ही जाणताच: जून ते सप्टेंबर वह्या उघडून वाळवायच्या भानगडीत पडू नका, हे काम दिवाळीनंतर. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून शाई खातो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. टाचण्या काढा, त्या गंजतात. कडुलिंबाचा पाला थेट पानांत ठेवला की डाग पडतात. ठेवायचाच तर सुकवून, कापडात बांधून, पेटीच्या कोपऱ्यात.

आता माणसं. ४० जणांवर लिहायचं ठरवलंत तर एकही नीट होणार नाही. बारा निवडा. निकष 'कोण मोठा खेळाडू' हा ठेवू नका. ज्याच्याशी खेळलेला एक तरी डाव वहीत सापडतो आणि ज्याच्या हातांची एक तरी लकब आठवते, तो घ्या. प्रत्येकाला एक डाव, त्यातल्या दोन किंवा तीन जागा आणि ४०० शब्द. बसायचं दीड तास, पट मांडून. डाव त्या माणसाच्या बाजूनं खेळा. म्हणजे खरंच उठून पटाच्या पलीकडं बसा. तुमच्या बाजूनं बघितलं की तुमचीच आठवण येते. पंधराव्या चालीच्या आसपास थांबा आणि स्वतःला विचारा: इथं त्यांनी किती वेळ घेतला? हात कुठं होता? मोहरा उचलून नेत की घरावरून सरकवत? शह देताना तोंडानं म्हणत की नुसतंच बघत? घड्याळ दाबत की आपटत? वजीर गेल्यावर काय केलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हरताना काय केलं: राजा आडवा केला, हात पुढं केला, की 'चहा घेऊ या की' म्हणून पट आवरायला घेतला? हरण्याच्या पद्धतीत माणूस जितका कळतो तितका जिंकण्यात कळत नाही, असं आमचं मत. जिंकणारे बहुतेक सारखेच दिसतात.

यातून जे येईल ते लिहा आणि विशेषणं शेवटी गाळा. एक सोपी चाचणी आहे: परिच्छेदातलं नाव झाकून नातवाला दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालून वाचायला सांगा. तरीही चाललं तर तो परिच्छेद फुकट.

सलूनवाल्यांच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्या. पहिले गुरू म्हणता, म्हणजे त्यांनी तुम्हाला देशी नियमांनी शिकवलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि देशी डाव कंप्युटरचे नेहमीचे प्रोग्रॅम घेत नाहीत. नियम गावागणिक बदलत, तेव्हा तुमच्या गावचे कोणते होते ते आधी कागदावर उतरवा. प्यादं पहिल्या चालीला एकच घर जायचं की काही प्याद्यांना दोन घरांची मुभा होती? राजाला शह बसायच्या आत एकदा घोड्याची उडी मारता यायची का? किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) होता की नव्हता? मांडताना राजासमोर राजा होता की वजीर? शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीरच व्हायचा, की त्या पट्टीचा जो मोहरा असेल तो? समोरचा राजा एकटा उरला तर बुर्जी म्हणून डाव तिथंच थांबायचा, की मात करावीच लागायची? प्याद्यानं मात केली तर मान जास्त होता का? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारतोय. जिथं प्यादेमातीला मोल असतं तिथं प्याद्याची किंमत एका गुणाची राहत नाही. मग ते खिशात का जायचं याचा धागा कदाचित तिथं मिळेल. नसेल मिळत तर 'का कोण जाणे' हेच ठेवा, ते वाक्य उत्तम आहे; त्यावर खुलासा चिकटवू नका. असे डाव चालींनी लिहायच्या फंदात न पडता एक-दोन जागांची आकृती काढा आणि खाली नियम द्या.

कन्नड बोलणारे प्रतिस्पर्धी तुमच्या यादीत असणारच. त्यांच्या तोंडचे शब्द मराठीत बदलू नका. ते या खेळाला चदुरंग म्हणाले असतील तर चदुरंगच लिहा. हत्तीला आने, घोड्याला कुदुरे, उंटाला ओंटे म्हणत असतील तर तसंच. एकाच पटावर एकानं 'घोडा' म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'कुदुरे', आणि कुणाचंच अडायचं नाही, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावं लागतं. तुम्ही फक्त संवाद तसाच ठेवा, ते आपोआप कळेल. लेखन एखाद्या कन्नड शेजाऱ्याला वाचून दाखवा, कानावर भरवसा ठेवून लिहिलेल्या कन्नडात ऱ्हस्व-दीर्घाची हमखास चूक होते. सीमाप्रश्नावर प्रत्येक प्रकरणात भाष्य नको. बंदमुळं एखादी फेरी पुढं गेली असेल, बस न मिळाल्यानं कुणी मुक्कामाला राहिला असेल, तर तेवढं लिहा, ते त्या दिवसाचं आहे.

तुमच्या ४० नावांत बाई एकही नाही असं आम्ही गृहीत धरतोय. चुकलो असू तर आनंदच. नसेल तर वह्या पुन्हा चाळा. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि १९७६ मध्ये त्यांच्या भगिनी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. सांगलीच्या भाग्यश्री साठे पुढं पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. तुम्ही सांगलीला जात होतात त्याच काळातलं हे सगळं. तेव्हा कुणाची तरी बहीण दोन वर्षं खेळून लग्नानंतर दिसेनाशी झाली, असं एखादं नाव तुमच्याही वह्यांत असेल.

हयात असलेल्यांना भेटायला जाल तर मोकळ्या हातानं जाऊ नका. प्रश्नांची यादीही नको. त्यांच्याशी खेळलेल्या डावाची प्रत आणि पट न्या. 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की माणूस भाषण देतो. आठव्या चालीवर पट थांबवून 'हा उंट इथं का आणलात हो?' म्हटलं की तो बोलायला लागतो. फोनवर रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पटाच्या टेबलावर ठेवू नका. मोहरा आपटल्याचा आवाज टेबलातून थेट माइकमध्ये जातो आणि नेमका त्या क्षणी बोललेला शब्द बुडतो. दुसऱ्या खुर्चीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. छताचा पंखा बंद. पाऊण तासाच्या वर बसू नका, सत्तरी-ऐंशीतला माणूस दमतो आणि मग तुमच्या म्हणण्याला होकार भरत राहतो. तो होकार आठवण म्हणून लिहिला जातो, हा मोठा धोका.

कुणी 'मी तेव्हा पहिला आलो होतो' म्हणालं तर पडताळा घेण्याचे दोन मार्ग. एक, वर्तमानपत्र. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ पासूनचा. नक्की महिना माहीत असेल तर जुन्या अंकांची चौकशी करा, निव्वळ वर्षावर शोधायला गेलात तर डोळे जातील. दोन, गणित. निकालाचा तक्ता असेल तर गुणांची बेरीज करा. साखळी स्पर्धेत (प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा) खेळाडू १० असतील तर डाव ४५, म्हणून एकूण गुण ४५च. स्विस पद्धतीत (फेऱ्या ठरलेल्या, सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत) २४ खेळाडू आणि सहा फेऱ्या असतील तर प्रत्येक फेरीत १२ गुण वाटले जातात, एकूण ७२. बेरीज ७१ किंवा ७३ आली की कुणाचातरी गुण आठवणीत कमी किंवा जास्त झाला आहे. स्विसमध्ये खेळाडूंची संख्या विषम असेल तर बायचा, म्हणजे जोडीदार न उरलेल्याला मिळणारा, गुण धरायला विसरू नका. सांगलीच्या स्पर्धांसाठी नूतन बुद्धिबळ मंडळाकडं विचारता येईल, भाऊसाहेब पडसलगीकरांची संस्था म्हणून तुम्हाला ती माहीत असेलच.

चाल बदलणाऱ्याचं काय? लिहा. पण निकाल देऊ नका, जागा द्या. तुम्ही उठण्याआधीची आकृती, परत आल्यानंतरची आकृती, कुठला मोहरा कुठून कुठं होता, पंच काय म्हणाले, त्यावेळी तुमच्या चालींच्या कागदावर काय लिहिलेलं होतं. कागदावर त्याची जुनी चाल लिहिलेली असेल आणि पंचांनी ती बघितली नसेल, तर तीच सगळ्यात मोठी ओळ आहे. नाव, गाव, वर्ष यांतलं काहीही नको. आपल्याकडं नुसतं 'निपाणीचे एक' म्हटलं तरी चौघांना कळतं, आणि त्या माणसाची नातवंडं तुमच्या नातवंडांच्या वर्गात असू शकतात. ५० वर्षं झोप लागली नाही, असं असेल तर तेही एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं झाली की वाचक त्याच्या बाजूला जातो. आणि याला पहिल्या पाचांत घेऊ नका. राग ताजा होतो आणि पुढच्या सगळ्यांवर सांडतो.

उरली ती कार्डं. आमच्या मते तुमच्या पेटीतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. तुमच्याकडं फक्त त्यांनी पाठवलेली कार्डं, तुमची त्यांच्या घरी. तरी डाव पूर्ण उभा राहतो, कारण पोस्टाच्या खेळात प्रत्येक कार्डावर आधी समोरच्याची चाल परत लिहून मगच आपली लिहायचा रिवाज असतो. चारच आकडे दिसले तर घाबरू नका. ती आंतरराष्ट्रीय पोस्टल पद्धत: पट्ट्यांना ए ते एच ऐवजी १ ते ८, आधी कुठून, मग कुठं. ५२५४ म्हणजे ई२ वरून ई४. ७१६३ म्हणजे जी१ वरचा घोडा एफ३ वर. ५१७१ म्हणजे पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा किल्लेकोट.

कार्डं डावानुसार लावा, तारखेनुसार नव्हे. बहुधा दोन डाव एकदमच चालू असतात आणि एका कार्डावर दोन्हींच्या चाली. मग प्रत्येक कार्डासाठी एक ओळ करा: कार्ड मिळाल्याची आणि उत्तर दिल्याची तारीख (त्यांनी लिहिलेली), शिक्क्याचं गाव, चाल, आणि चालीशिवाय काय लिहिलंय ते. सर्वसाधारण नियम १० चालींना ३० दिवसांचा होता, टपालाचा प्रवास वगळून. कुठल्या चालीला त्यांनी एक दिवस घेतला आणि कुठल्या चालीला ११, हे एकाखाली एक आलं की न पाहिलेला माणूस दिसायला लागेल. 'तुम्ही असं खेळलात तर मी तसं' अशा जर-तरच्या चाली किती पाठवत, तेही मोजा; काही जण कार्डाचे पैसे वाचवायला पाठवतात, काही जण समोरच्याला आपण किती पुढचं बघतो ते दाखवायला. शिक्क्याचं गाव मधेच बदललं असेल तर बदली, आजारपण किंवा मुलाकडं मुक्काम. अक्षर बदललं असेल तर कुणीतरी दुसरं त्यांच्यासाठी लिहीत होतं.

आणि अर्धा राहिलेला डाव. पत्ता तुमच्याकडं आहे. पाकिटातून पत्र पाठवा, घरच्यांच्या नावे, कोण उघडेल माहीत नाही अशा बेतानं: मी अमुक, आमचा पोस्टानं खेळ चालायचा, सोबत एका पुऱ्या झालेल्या डावाची प्रत, शक्यतो त्यांनी जिंकलेल्या. फोटो किंवा आठवणी लगेच मागू नका. तुमची कार्डं त्यांच्याकडं असतील का, एवढंच विचारा. आत तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं कोरं कार्ड ठेवा, वरच्या पाकिटावर पिन कोड घाला. शेवटच्या डावात चाल तुमची असेल तर तीही पाठवा. आधी त्यांची शेवटची चाल लिहा, मग तुमची.